जुनेपणाचें रंगकाम : बार्शीची छोटी रेल्वे आणि तिच्या प्रतिकृति



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं जणांना थोडेंसें नवल वाटेल. आपल्याकडे घर रंगवितात तें नवें दिसावें म्हणून, आणि भांड्याला कल्हई करतात ती तें लखलखावें म्हणून. अशा स्थितींत वीतभर लांबीची आगगाडीची किंवा मोटारीची प्रतिकृति महिनोन्‌महिने खपून तयार करावयाची, तिला सुरेख रंग द्यावयाचा, आणि मग त्या रंगावर मुद्दाम धूळ, काजळी, गंज व तेलाचे डाग चढवावयाचे, हा उद्योग विक्षिप्तपणाचा वाटल्यास आश्चर्य नाहीं. या उद्योगाला इंग्रजींत ‘वेदरिंग’ म्हणतात. आपण त्याला जुनेपणाचें रंगकाम म्हणूं. या कलेचा इतिहास फार लांबचा नाहीं. परंतु तिच्यामागचा विचार लक्षांत घेण्यासारखा आहे, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यांत तर ही कला केवळ छंद न राहतां इतिहासकाराच्या कामाला हातभार लावूं शकते. तें कसें, हें सांगण्याचा आज विचार आहे.

वस्तुतः या कलेचें मर्म आपल्याकडील मुलांना कोणी शिकवावें लागत नाहीं. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला उभा राहतो, त्याला कोणी तकतकीत तैलरंग देत नाहीं. मुलें त्यावर विटांचा चुरा भुरभुरतात, उतारावर अळीव पेरतात, दरवाजाच्या पायवाटेवर बारीक रेती टाकतात. किल्ला लहान आहे, पण तो ऊनपावसांत उभा आहे असें दिसलें पाहिजे, ही समज त्यांच्या ठिकाणीं असते. मोठ्या माणसांनीं केलेल्या प्रतिकृतींना मात्र ही समज येण्यास बराच काळ लागला.

याचें कारण शोधूं लागलें तर तें प्रतिकृतींच्या जन्मांतच सांपडतें. एकोणिसाव्या शतकांत इंजिनें व जहाजें बांधणारे कारखाने आपल्या मालाच्या लहान प्रतिकृति करवून घेत. त्या प्रदर्शनांत मांडावयाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यांत ठेवावयाच्या असत. प्रतिकृति म्हणजे एक प्रकारचें आश्वासन होतें. कारखान्यांतून बाहेर पडलेलें इंजिन असें झळकेल, हें तिनें सांगावयाचें असे. अशा वस्तूवर काजळीला जागा कोठून असणार? दुसरीकडे खेळण्यांचा व्यापार वाढत होता. जर्मनींतील मार्कलिन या पेढीनें १८९१ सालीं ठराविक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यांतील आगगाड्या बाजारांत मांडल्या. इंग्लंडांत नॉर्दम्प्टन येथें बॅसेट-लोक यांचा व्यवसाय १८९९ च्या सुमारास सुरू झाला. या गाड्याही पत्र्याच्या, रोगणानें चकाकणाऱ्या अशाच असत. मुलाच्या हातांत द्यावयाचें खेळणें मळकें कोण विकत घेईल? सारांश, विक्रीसाठीं केलेली प्रतिकृति नेहमीं पहिल्या दिवसाचीच राहिली. तिला दुसरा दिवस कधीं उजाडलाच नाहीं.

हा दुसरा दिवस दाखविण्याची इच्छा प्रथम झाली ती विक्रेत्यांना नव्हे, तर आपल्यापुरतें काम करणाऱ्या कांहीं हौशी माणसांना. इंग्लंडांत जॉन आहर्न यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ‘मॅडर व्हॅली’ नांवाची एक काल्पनिक छोटी रेल्वे बांधावयास घेतली. इंजिन, डबा, स्टेशन, गल्ली, घरें हीं सर्व एकाच हवेंत वाढलीं आहेत असें दिसावें, हा त्यांचा कटाक्ष होता. त्याच सुमारास रॉय इंग्लंड हे ऑस्ट्रेलियांतून आलेले गृहस्थ इंग्लंडांतील खेड्यांत राहूं लागले होते. ते १९२५ मध्यें तेथें आले, आणि आपल्या डोळ्यांदेखत जुनीं गवती छपरांचीं घरें बदलत चालल्याचें त्यांनीं पाहिलें. हीं खेडीं वांचविणें आपल्या हातीं नाहीं. पण त्यांचें रूप लहान आकारांत तरी टिकवून ठेवूं, असा त्यांनीं निश्चय केला. १९५४ सालीं त्यांनीं स्थापन केलेल्या ‘पेंडन’ संग्रहालयांत आज आहर्न यांची रेल्वेही ठेवलेली आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रॉय इंग्लंड यांना घर हवें होतें तें गवंड्यानें नुकतेंच पुरें केलेलें नव्हे, तर शेवाळलेलें, भिंतीवर ओल चढलेलें, माणसांनीं वापरलेलें. जें नाहींसें होत होतें तें जुनेपणासकटच नाहींसें होत होतें.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथील जॉन ॲलन या छायाचित्रकारानें ही दृष्टि आणखी पुढें नेली. १९४० नंतरच्या दशकांत त्यानें आपल्या रेल्वेवरील गाड्या व इमारती मोडकळीस आलेल्या, उन्हानें विटलेल्या, धुरानें माखलेल्या अशा रंगविल्या आणि त्यांचीं छायाचित्रें मासिकांतून छापून आणलीं. छायाचित्र पाहणाराला क्षणभर हें खरें कीं खोटें असा भ्रम पडे. १९७३ च्या जानेवारींत ॲलन वारला, आणि कांहीं दिवसांतच त्याची जवळजवळ पुरी झालेली रेल्वे आगींत जळाली. आज ती केवळ छायाचित्रांत उरली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे जुळणीचे संच सर्वत्र पसरले आणि रणगाडे, विमानें, लष्करी मोटारी यांच्या प्रतिकृति घरोघर होऊं लागल्या. रणगाडा चिखलांत लोळलेला नसेल तर तो रणगाडाच वाटत नाहीं. त्यामुळें जुनेपणाच्या रंगकामाचें शास्त्र येथें विशेष वाढलें. अमेरिकेंत शेपर्ड पेन व बेल्जममध्यें फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनीं १९७० नंतर आपल्या युक्त्या छापून प्रसिद्ध केल्या, आणि पुढें स्पेनमधील कलावंतांनीं त्यांत भर घातली. पूर्वीं ज्या गोष्टी एखाद्याच्या हातांत होत्या त्या आतां कोणालाही शिकतां येऊं लागल्या.

आतां आपण आपल्या घरीं येऊं.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० सालीं सोलापुरास पोहोंचली. पण बार्शीसारखी कापसाची व धान्याची मोठी पेठ त्या मार्गापासून दूरच राहिली. बार्शीचा माल बैलगाड्यांतून वीस-बावीस मैल आणून बार्शी रोड स्टेशनावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, चढवावा लागे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें हें अंतर अडीच फूट रुंदीच्या छोट्या रेल्वेनें जोडण्याची योजना आखली. त्याचें मुख्य सूत्र असें कीं इंजिन असो वा डबा, कोणत्याही आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. भार सारखा वांटला म्हणजे हलके रूळ पुरतात, खर्च उतरतो, आणि लहान गाडींतूनही भरपूर माल जातो. दाबून घडविलेल्या पोलादी सांगाड्यांचे लांब डबे त्यानें लीड्सच्या कारखान्यांत करवून घेतले, आणि ते हिंदुस्थानांत पाठविण्यापूर्वीं लीड्सजवळ न्यूले येथें रूळ टाकून जाणत्या इंजिनियरांना चालवून दाखविले. १८९७ सालीं बार्शीची रेल्वे सुरू झाली. पुढें १९०६ मध्यें ती पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस पोहोंचली, आणि तिची लांबी सुमारें दोनशें मैल झाली. १९५४ च्या आरंभीं सरकारनें ती विकत घेतली. रुंद रूळ टाकण्याचें काम एकविसाव्या शतकाच्या आरंभीं टप्प्याटप्प्यानें झालें. २००८ च्या सुमारास लातूरच्या बाजूची व २०११ च्या सुमारास मिरजेच्या बाजूची जुनी वाट संपली. आषाढीच्या गर्दींत मालाच्या डब्यांतूनही वारकऱ्यांना वाहून नेणारी ही छोटी गाडी आतां कोठेंही धांवत नाहीं.

म्हणून ज्याला ती पुन्हा पाहावयाची आहे त्याला प्रतिकृतीशिवाय फारसा उपाय नाहीं. योगायोग असा कीं तिचें माप प्रतिकृतीला सोयीचें आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नें भागलें तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारांत नऊ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात. महाराष्ट्रांत या छंदाला परंपराही आहे. पुण्यास भाऊसाहेब जोशी यांनीं आयुष्यभर जमविलेल्या व घडविलेल्या छोट्या गाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलें आहे. तेव्हां कोणी बार्शीची गाडी करावयास बसला तर त्याच्यापुढें खरा प्रश्न उरतो तो रंगाचा, आणि त्याहूनही रंगावर काळानें काय केलें याचा.

या प्रश्नाचें उत्तर आपली जमीन, आपलें पाणी आणि गाडीचें काम यांनीं दिलें पाहिजे. परदेशी पुस्तकांतला नमुना येथें जसाच्या तसा चालत नाहीं. इंग्लंडांतील गाडी ओल्या हवेनें गंजते, तिच्यावर हिरवट शेवाळाची झांक येते. सोलापूरकडे वर्षांतले आठ महिने कोरडे जातात आणि उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. येथें ऊन रंग खातें. टपाचा व डब्याच्या वरच्या अर्ध्या भागाचा रंग आधीं विटतो, आणि खिडक्यांच्या पट्टीच्या सांवलींतला मागाहून. लाल रंग प्रथम फिकट गुलाबीकडे झुकतो, हें उन्हांत उभ्या राहिलेल्या कोणत्याही जुन्या एस. टी. च्या गाडीवर पाहून घ्यावें. काळी जमीन ओली असतांना काळी दिसते. पण तिची धूळ वाळली म्हणजे राखी करडी होते. मुरमाच्या पट्ट्यांतून गाडी गेली कीं तीच धूळ तांबूस होते. ही धूळ चाकें व खालचा सांगाडा यांवर दाट, पायरीपर्यंत मध्यम, आणि वर विरळ होत जाते.

वाफेच्या इंजिनाच्या अंगावर निराळ्याच खुणा असतात. पुढच्या धुराच्या पेटीला रंग टिकत नाहीं. उष्णतेनें तो जळून करडा होतो. धुराड्याची काजळी डब्यांच्या टपांवर बसते, आणि इंजिनाच्या जवळच्या डब्यावर ती अधिक असते. दख्खनच्या विहिरींचें पाणी बहुधा जड. बाष्पकांतून जेथें जेथें तें गळतें तेथें तें वाळून पांढरा क्षार ठेवून जातें. म्हणून वाफेच्या झडपांखालीं चुनखडीसारखे ओघळ दिसतात. ओतीव लोखंडाचे ब्रेक चाकांवर घासून तपकिरी भुकटी उडते, ती चाकांच्या बाजूला चिकटते. हलणाऱ्या दांड्यांवर गंज नसतो, कारण तेथें रोज तेल पडतें; तेथें काळसर ओली चकाकी असते. जेथें माणसाचा हात नेहमीं पडतो त्या दांडीवरचा रंग उडून लोखंड घासून उजळ झालेलें असतें, आणि पायरीची कड बुटांनीं नि वहाणांनीं झिजलेली असते. सारांश, प्रत्येक डागाला कारण असतें. ज्या डागाचें कारण सांगतां येत नाहीं तो डाग काढूं नये, हा या कलेचा पहिला नियम होय.

आतां पद्धतींविषयीं थोडक्यांत सांगतों. मूळ रंग देतांनाच त्यांत किंचित् पांढरा मिसळावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग मोठीपेक्षां गडद भासतो. तो वाळल्यावर तपकिरी-काळा रंग अतिशय पातळ करून कुंचल्यानें सांध्यांपाशीं नुसता टेकवावा. केशाकर्षणानें तो आपोआप फटींतून धांवतो आणि खिळे व जोड उठून दिसूं लागतात. मग कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंगानें उंचवट्यांवरून हलकेंच फिरवावा, म्हणजे झिजलेल्या कडा दिसतात. गंजलेल्या पत्र्यावरचा रंग उडालेला दाखवावयाचा असेल तर फार सोपी युक्ति आहे. आधीं गंजाचा रंग द्यावा. तो ओलसर करून त्यावर मिठाचे कण टाकावे, वाळूं द्यावे, वरून डब्याचा रंग द्यावा आणि शेवटीं मीठ घासून काढावें. जेथें मीठ होतें तेथें गंज उघडा पडतो, आणि त्याचा आकार कुंचल्यानें काढलेल्या डागापेक्षां अधिक स्वाभाविक असतो. अलीकडे मिठाच्या जागीं केसांवर फवारावयाच्या द्रवाचा थर देऊन वरचा रंग पाण्यानें सोडवितात. तत्त्व तेंच आहे.

धुळीसाठीं व गंजासाठीं परदेशी पुड्या महाग मिळतात. परंतु गंज आणि आपला गेरू हे रसायनदृष्ट्या एकाच कुळांतले. दोन्ही लोखंडाचीं प्राणिदें आहेत. भिंतींना देतात ती पिवडीही त्याच घराण्यांतली. गेरू, पिवडी, राख आणि कोळसा खलांत घोटून वस्त्रगाळ केलीं म्हणजे लागणाऱ्या बहुतेक छटा घरच्या घरीं तयार होतात. धुळीसाठीं तर ज्या गांवची गाडी त्या गांवची माती उत्तम. मात्र ती इतकी बारीक असावी कीं बोटाला कण लागूं नये. या पुडी मऊ कुंचल्यानें लावाव्या, आणि वर रोगणाचा अगदीं पातळ फवारा देतांना त्यांचा रंग थोडा गडद होतो हें आधींच हिशेबांत धरावें.

सर्वांत मोठी चूक होते ती मापाची. सत्त्याऐंशीपट लहान गाडीवर एक मिलिमीटरचा खरवडा म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा घाव. असे पन्नास घाव ज्या डब्यावर आहेत तो डबा रेल्वेनें कधींच मोडींत काढला असता! छोटी रेल्वे गरीब होती, तरी ती चालती होती. कुर्डुवाडीस तिचा दुरुस्तीचा कारखाना होता, आणि तेथील कारागीर गाड्या सोडून देत नव्हते. जुनेपणाचा अतिरेक म्हणजे त्या कारागिरांच्या मेहनतीचा अपमान होय.

येथें आपण खऱ्या अडचणीपाशीं येतों. गाडी गेली आहे. मग हें सर्व पाहावयाचें कोठें? कारखान्यानें काढलेल्या छायाचित्रांवर विसंबावें तर इंजिनें बांधणारे कारखाने छायाचित्र ठळक यावें म्हणून नव्या इंजिनाला पुष्कळदां तात्पुरता करडा रंग देत. तो त्याचा खरा रंग नव्हेच. जुन्या काळच्या काचा तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळें तांबडा रंग, गंज आणि मुरमाची धूळ हीं तिन्ही छायाचित्रांत सारखींच काळीं दिसतात. संग्रहालयांत जपलेल्या वाहनांकडे जावें, तर तींही पुन्हा पुन्हा रंगविलेलीं असतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयांत १९९४ पासून रणगाड्यांचा मोठा संग्रह आहे. आकार, मापें, खिळ्यांच्या रांगा पाहण्यास तो अमोल आहे. पण वाहनावर कामाच्या दिवसांत काय बसलें होतें तें नव्या रंगाखालीं झांकलें जातें. जतन करणाऱ्यांचा यांत दोष नाहीं. लोखंड वांचवावयाचें तर तें रंगविलेंच पाहिजे. तथापि लोखंड वांचलें तरी त्यावर उमटलेले दिवस पुसले जातात, हेंही तितकेंच खरें.

उरतो तो एकच पुरावा, आणि तो म्हणजे माणसांची आठवण. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, सांगोला, लातूर या गांवांतून ही गाडी चालविलेलीं, दुरुस्त केलेलीं, तींतून शाळेला किंवा वारीला गेलेलीं माणसें आज हयात आहेत. पायरी कोणत्या बाजूला अधिक झिजली होती, पावसाळ्यांत चिखल कोठवर उडे, डब्याच्या आंतल्या लांकडाला कसला वास येई, हें त्यांना विचारलें तर सांगतां येईल. हा पुरावा दरवर्षीं कमी होत जाणार. सन-सनावळ्या दप्तरांत राहतात. डब्याच्या दांडीचा झिजलेला उजळपणा कोणत्याही दप्तरांत नोंदलेला नसतो.

आणि जेथें आठवणही नाहीं तेथें काय करावें? मोह मोठा असतो. पंढरीची गाडी म्हटलें कीं दांड्यांवर गुलालाचे व बुक्क्याचे हात उमटवावे असें कोणाही रसिकाला वाटेल. कल्पना मनोहर आहे, कदाचित् खरीही असेल. पण कोणी पाहिलेल्या माणसानें सांगितल्याशिवाय किंवा एखाद्या छायाचित्रांत दिसल्याशिवाय ती रंगविली, तर पन्नास वर्षांनीं दुसरा कोणी त्या प्रतिकृतीलाच पुरावा समजेल, आणि आपल्या हौसेचा इतिहास होऊन बसेल. अगदीं स्वच्छ प्रतिकृति जशी खोटी, तशीच हौसेनें मळविलेली प्रतिकृतिही खोटीच. फरक इतकाच कीं पहिलीचा खोटेपणा चटकन् दिसतो आणि दुसरीचा दिसत नाहीं. यास्तव प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक लहानशी वही असावी. तींत कोणती खूण कशावरून काढली, पाहून, ऐकून कीं अनुमानानें, हें लिहून ठेवावें. अनुमानाला मज्जाव नाहीं. मात्र त्यानें आपलें नांव अनुमान म्हणूनच सांगावें.

इतिहास म्हणजे राजांचीं युद्धें नि तहनामे एवढेंच नव्हे, असें आपण अलीकडे पुष्कळदां ऐकतों. तें खरें असेल तर बार्शीच्या गाडीच्या पायरीवरची झीजही इतिहासच आहे. कापसाचे गठ्ठे चढविणारे हमाल, फळीवर दाटीवाटीनें बसलेले वारकरी, बाष्पकाला पाणी पाजणारे जोडीदार यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. त्यांनीं आपल्या हातांपायांनीं जी नोंद केली ती लोखंडावर व लांकडावर होती, आणि तें लोखंड आतां वितळून गेलें आहे. वीतभर डब्यावर गेरूचा एक कण योग्य जागीं ठेवणारा कारागीर त्या नोंदीची नक्कल करीत असतो. नक्कल करणाऱ्या लेखकाला आपण जी शिस्त लावतों, मुळांत नाहीं तें घालूं नये आणि आहे तें गाळूं नये, तीच शिस्त त्यालाही लागू आहे. ज्यांच्या घरांत बार्शीच्या गाडीची आठवण सांगणारें वडील माणूस आहे, त्यांनीं या आठवड्यांतच त्याच्याजवळ बसून दोन पानें लिहून घ्यावींत. प्रतिकृति कोणी करो वा न करो, तीं पानें वायां जाणार नाहींत.